पॉटकेटची 33 डावांची रात्र : पंचांनी खेळ थांबवायला हवा होता का?

वूस्टरवासी

गेली बारा वर्षे मी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर येथे राहतो. 2021 साली आमच्या गावात व्यावसायिक बेसबॉलचा एक संघ कायमचा राहायला आला. हा संघ मूळचा शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेटचा, आणि बॉस्टन रेड सॉक्स या मोठ्या संघाच्या हाताखालचा. येथे घडलेले खेळाडू पुढे बॉस्टनला जातात. निदान जाण्याची आशा बाळगून खेळतात. माझ्या मुलाला या खेळाची गोडी लागली आणि त्याच्यामुळे मलाही. संघाचा जुना इतिहास वाचताना जो सामना माझ्या मनात घर करून बसला आहे, त्याविषयी येथील जाणकारांचे मत हवे आहे.

18 एप्रिल 1981, ईस्टरच्या आदल्या दिवशीचा शनिवार. पॉटकेटच्या मकॉय स्टेडियमवर पॉटकेट रेड सॉक्स विरुद्ध न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचे रेड विंग्ज असा इंटरनॅशनल लीगचा साधा साखळी सामना होता. प्रेक्षक 1,740. दिव्यांत बिघाड झाल्यामुळे खेळ अर्धा तास उशिरा, रात्री आठच्या सुमारास सुरू झाला. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, एका डावात दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात, तीन गडी बाद झाले की पाळी बदलते, आणि असे नऊ डाव होतात. फलंदाज होम प्लेटपाशी उभा राहतो; तेथून पहिला, दुसरा, तिसरा असे बेस (थांबे) गाठत तो पुन्हा ‘घरी’, म्हणजे होम प्लेटवर, आला की एक धाव होते. नऊ डावांनंतर बरोबरी असेल तर दहावा, अकरावा, असे निकाल लागेपर्यंत खेळत राहायचे.

रॉचेस्टरने सातव्या डावात एक धाव काढली. पॉटकेटने नवव्या डावात, पराभव अगदी दारात आलेला असताना, बरोबरी केली. त्यानंतर तब्बल अकरा डाव कोणालाही धाव काढता आली नाही. एकविसाव्या डावात रॉचेस्टरने आघाडी घेतली आणि आता सुटका झाली असे सर्वांना वाटले. पण त्याच डावात पॉटकेटच्या वेड बॉग्जने दुहेरी फटका (ज्यावर फलंदाज थेट दुसऱ्या बेसपर्यंत पोहोचतो) मारून पुन्हा 2-2 केले. आपलेच सहकारी मला मिठी मारणार होते की ठोसा लगावणार होते हे कळेना, असे तो पुढे म्हणाला.

पहाटे 4 वाजून 7 मिनिटांनी, 32 डावांनंतर, खेळ थांबवला गेला तेव्हा मैदानात 19 प्रेक्षक उरले होते. संघाने त्यांना पुढे प्रवेशाचे पास दिले. उरलेला सामना 23 जूनला झाला आणि 18 मिनिटांत संपला : तेहेतिसाव्या डावात डेव्ह कोझाच्या फटक्यावर मार्टी बॅरेट घरी परतला आणि पॉटकेट 3-2 ने जिंकले. सगळा मिळून खेळ 8 तास 25 मिनिटांचा. व्यावसायिक बेसबॉलमध्ये याहून लांब सामना झालेला नाही.

माझा प्रश्न साधा आहे. मध्यरात्रीनंतर ठरावीक वेळेला नवा डाव सुरू करायचा नाही, असा त्या लीगचा नियम होता. परंतु त्या वर्षी पंचांच्या हाती जी नियमपुस्तिका होती तिच्यातून तो नजरचुकीने गळला होता. दोन्ही संघ कुडकुडत होते, खेळाडूंनी मोडक्या बॅटी आणि बाकांच्या फळ्या पेटवून शेकोटी केली होती, आणि तरीही पंचांनी पुस्तिकेत नाही म्हणून खेळ चालू ठेवला. हे योग्य झाले का?

मृण्मयी

माझ्या मते मुळीच योग्य झाले नाही. नियम माणसांसाठी असतात. थंडीने गारठलेला खेळाडू ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने येणाऱ्या चेंडूसमोर पहाटे तीन वाजता उभा आहे, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा. त्यात हे खालच्या लीगचे खेळाडू, म्हणजे तुटपुंज्या पगारावर राबणारी पोरे. खांदा निखळला असता तर त्यांच्या आयुष्याची भरपाई कोणी केली असती? एवढे करून दुसऱ्या दिवशी, म्हणजे खरे तर त्याच दिवशी, त्यांना पुन्हा सामना खेळायचा होता.

तिसरा_पंच

मृण्मयीताई, आपली कळकळ मला मान्य आहे; परंतु पंचांची बाजूही मांडली पाहिजे. मी पंचवीस वर्षे जिल्हा पातळीवर क्रिकेटमध्ये पंच म्हणून काम केले आहे, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहितो.

पंचाचा सगळा अधिकार त्याच्या हातातल्या पुस्तिकेतून येतो. ‘नियम असा असायला हवा होता’ असे मनाशी धरून त्याने निर्णय घेतला, तर हरलेला संघ दुसऱ्या दिवशी दाद मागतो आणि त्याचे काहीही चुकत नाही. मुख्य पंच जॅक लिएट्झ आणि त्यांचे दोन सहकारी यांच्यापुढे दोनच मार्ग होते : पुस्तिकेप्रमाणे चालणे, किंवा ज्याने ती पुस्तिका काढली त्याच्याकडून आदेश मिळवणे. दुसरा मार्ग पॉटकेटच्या व्यवस्थापकांनी धरला. लीगचे अध्यक्ष हॅरल्ड कूपर यांना रात्रभर दूरध्वनी लावले जात होते. ते अखेर पहाटे सापडले आणि चालू डाव संपला की थांबा, असा त्यांनी आदेश दिला. आदेश येताच पंच थांबले. मला यात पंचांचा हट्ट दिसत नाही. ज्याने पुस्तिका छापताना एक कलम गाळले, त्याची चूक मैदानावरच्या साठ माणसांनी रात्रभर भोगली, असे मी म्हणेन.

आणखी एक गोष्ट. पंच तर बाहेरही जाऊ शकत नाहीत. खेळाडू पाळी नसताना शेकोटीपाशी बसतो, पण पंच बत्तीस डाव उभाच असतो.

आजोळ

19 प्रेक्षक! त्यांच्यापैकी एकाला तरी भेटायला मला आवडले असते.

जळगावकर

पंचांचा विचार झाला, आता जरा यष्टीमागच्या माणसाचा करू या. बेसबॉल आपल्याकडे कमी खेळला जातो, पण सॉफ्टबॉल महाराष्ट्रातल्या शाळांत भरपूर आहे. जळगाव, अमरावती या भागांत मुलामुलींचे चांगले संघ आहेत. मी शाळेत चार वर्षे कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, होतो. सॉफ्टबॉलचे डाव सातच. पण सातव्या डावाला उठताना गुडघ्यांतून कळ यायची, आणि डाव्या हाताची तर्जनी नि तिच्याखालचा तळवा हातमोजा काढल्यावर लालबुंद सुजलेला असायचा. घरी आई मिठाच्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावायची.

रॉचेस्टरच्या डेव्ह हपर्टने या सामन्यात 31 डाव यष्टिरक्षण केले. एकतीस! प्रत्येक चेंडूला बसायचे, झेलायचा, उठायचे, परत फेकायचा, पुन्हा बसायचे. त्याच माणसाने एकविसाव्या डावात दुहेरी फटका मारून आपल्या संघाला आघाडी मिळवून दिली होती. म्हणजे वीस डाव उकिडवे बसल्यानंतर त्याच्या पायांत दुसऱ्या बेसपर्यंत धावण्याचे बळ शिल्लक होते. लोक बॉग्जचा फटका आठवतात, कारण बॉग्ज पुढे मोठा झाला. माझ्या मते त्या रात्रीचा मानकरी हपर्ट आहे.

घाटपायथा

हपर्टबरोबर जिम अम्बार्गरचेही नाव घ्यायला हवे. तेविसाव्या डावापासून रॉचेस्टरकडून तो गोलंदाजीला आला, आणि बत्तिसाव्यापर्यंत सलग दहा डाव त्याने पॉटकेटला एकही धाव दिली नाही. एरवी नऊ डाव एकट्याने पूर्ण टाकणाऱ्या पिचरचे कौतुक होते; याने त्याहून एक डाव जास्त टाकला, तोही मध्यरात्र उलटल्यावर. बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय नि पराजय एकेका पिचरच्या (गोलंदाजाच्या) नावावरही लावतात; याच्या नावापुढे ना विजय लागला ना पराजय. पराजय लागला स्टीव्ह ग्रिलीला, आणि तो एप्रिलमध्ये संघातही नव्हता. जूनमध्ये येऊन त्याने तेहेतिसाव्या डावाची सुरुवात केली, पहिल्याच फलंदाजाला चेंडू लागला, पुढच्याने फटका मारला, तिसऱ्याला मुद्दाम आवाक्याबाहेर चेंडू टाकून पहिल्या बेसवर चालत जाऊ दिले, आणि एकही गडी बाद न करता तो परतला. खेळाच्या हिशेबवहीत माणसाचे सगळे कष्ट येत नाहीत, ते असे.

अरविंद_काका

आमच्या पिढीला या संदर्भात 1939 सालची दरबानची कसोटी आठवल्याशिवाय राहणार नाही. इंग्लंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका, वेळेचे बंधन नसलेला सामना, 3 मार्चला सुरू झाला आणि 14 मार्चपर्यंत चालला. जिंकायला 696 धावा हव्या असताना इंग्लंडच्या 5 बाद 654 झाल्या होत्या, आणि केवळ 42 धावा उरल्या असताना सामना सोडून द्यावा लागला, कारण केपटाऊनहून सुटणारी बोट गाठायची होती. खेळाला निकाल पाहिजेच, असे म्हणून घातलेला घाट शेवटी निकालाविनाच संपला. त्यानंतर तसे सामने खेळवणे बंद झाले. निकालाच्या अट्टहासाला कोठेतरी मर्यादा हवी, हे क्रिकेट तेव्हाच शिकले.

वूस्टरवासी

अरविंदकाका, उदाहरण फार समर्पक आहे. पण बेसबॉलमध्येही पूर्वी अशी मर्यादा होती आणि ती कोणी लिहिलेली नव्हती. 1 मे 1920 रोजी बॉस्टनमध्ये ब्रुकलिन आणि बॉस्टन यांच्यात 26 डावांचा सामना झाला. सर्वोच्च लीगमध्ये डावांच्या संख्येत तोच अजून सर्वांत लांब आहे. लिऑन केडोर आणि जो ओश्गर या दोघा पिचरांनी सर्वच्या सर्व 26 डाव एकट्याने टाकले आणि 1-1 अशा बरोबरीत अंधार पडल्यामुळे खेळ थांबला. सगळा सामना चार तासांच्या आत आटोपला होता.

रेवा

वूस्टरवासी, तुम्ही आत्ता जे लिहिले त्यातच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मला वाटते. 1920 साली सूर्य मावळला आणि खेळ संपला. कोणाला दूरध्वनी करावा लागला नाही, पुस्तिका चाळावी लागली नाही. पुढे 1935 साली सिनसिनाटीमध्ये सर्वोच्च लीगचा पहिला सामना दिव्यांखाली झाला आणि हळूहळू रात्रीचे सामने सगळीकडे रूढ झाले. दिवे आले तसा मावळतीचा पंच गेला. मध्यरात्रीनंतर नवा डाव नको, हे कलम म्हणजे कागदावर लिहून ठेवलेली संध्याकाळच होती. ती पुस्तिकेतून गळली म्हणजे त्या मैदानावर संध्याकाळ व्हायचीच राहून गेली.

म्हणून तिसरा_पंच यांनी केलेला बचाव मला अर्धाच पटतो. अंधार पडल्यावर थांबण्याचा अधिकार पंचांना पूर्वापार होता, कारण अंधारात खेळणे धोक्याचे असते. मग बोटे वाकत नाहीत इतक्या थंडीत खेळणे धोक्याचे नसते का? खेळण्याजोगी परिस्थिती उरली नाही म्हणून सामना स्थगित करणे पंचांच्या हातात होते. पाऊस पडला असता तर त्यांनी कोणाला विचारले असते का?

तिसरा_पंच

रेवाताई, हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. पावसात चेंडू ओला होतो, जमीन निसरडी होते, ते सर्वांना दिसते आणि कोणी हरकत घेत नाही. थंडी मात्र दोन्ही संघांना सारखीच असते, आणि ‘आम्ही खेळायला तयार आहोत’ असे एका जरी संघाने म्हटले तरी पंचाचे हात बांधले जातात. तरीही आपले म्हणणे मी मान्य करतो की, दोन्ही व्यवस्थापकांना बोलावून विचारायला हरकत नव्हती.

घाटपायथा

व्यवस्थापकांवरून सांगतो. पॉटकेटचे व्यवस्थापक जो मॉर्गन यांना बाविसाव्या डावात पंचांशी हुज्जत घातल्याबद्दल मैदानाबाहेर काढण्यात आले. खरे तर त्यांना घरी जाऊन पांघरूण घेण्याची उत्तम सबब मिळाली होती. ते गेले नाहीत. होम प्लेटमागच्या भिंतीला एक भोक होते, त्यातून डोळा लावून ते उरलेला सगळा खेळ पाहत राहिले.

मृण्मयी

मॉर्गन यांचे वाचून मला लुईस अपोंतेची गोष्ट आठवली. पॉटकेटच्या या पिचरचे काम आटोपले होते, म्हणून त्याला पहाटे घरी जाऊ दिले. घरी पत्नीने विचारले की, इतका वेळ होतास कोठे? मैदानावर, असे त्याने खरे तेच सांगितले, आणि त्यावर तिचा काही केल्या विश्वास बसेना, असे सांगतात. त्या माऊलीला मी दोष देणार नाही. बेसबॉलचा सामना पहाटे चारपर्यंत चालतो यावर कोण विश्वास ठेवील?

तरीही माझे मत कायम आहे. आज आपण कौतुकाने बोलतो, कारण कोणी जायबंदी झाले नाही.

अरविंद_काका

जूनमध्ये उरलेल्या एका डावाला एवढी गर्दी का झाली, हे कोणी सांगेल का?

वूस्टरवासी

काका, त्याला एक योगायोग कारण झाला. 12 जून 1981 पासून सर्वोच्च लीगच्या खेळाडूंनी संप पुकारला होता. देशभरातली मोठी मैदाने ओस पडली, बेसबॉलचे बातमीदार हातावर हात ठेवून बसले, आणि अशा वेळी पॉटकेटमध्ये एक अर्धवट राहिलेला सामना पुरा व्हायचा होता. एप्रिलच्या त्या पहाटे जेथे एकोणीस प्रेक्षक होते, तेथे 23 जूनला 5,746 लोक आले. त्यांना पाहायला मिळाली ती अठरा मिनिटे.

पॉटकेटकडून शेवटचा डाव टाकणाऱ्या बॉब ओहेडाला विजय मिळाला. 1986 सालच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे सर्वोच्च लीगच्या अंतिम मालिकेत, तो न्यूयॉर्क मेट्सकडून खेळला, आणि समोर बॉस्टनच्या संघात पॉटकेटच्या त्या रात्रीचे चार सोबती होते : बॉग्ज, बॅरेट, ब्रूस हर्स्ट आणि रिच गेडमन.

जळगावकर

आणि रॉचेस्टरकडून तिसऱ्या बेसवर कोण होता ते आपण सांगितलेच नाही! कॅल रिपकेन. पुढे सलग 2,632 सामने न चुकता खेळण्याचा विक्रम ज्याच्या नावावर लागला, तोच. बॉग्जही तिसऱ्याच बेसवर. म्हणजे त्या रात्री एकाच कोपऱ्यात पाळीपाळीने उभे राहणारे दोन्ही तरुण पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेले : बॉग्ज 2005 साली आणि रिपकेन 2007 साली. रिपकेनला त्या सामन्यात 13 पाळ्यांत 2 फटके मिळाले होते. ज्याला न थकणारा म्हणून जगाने डोक्यावर घेतले, त्याची तालीम कोठे झाली असेल असे विचारले तर मी पॉटकेटचे नाव घेईन.

रेवा

आणि ज्याच्या फटक्याने सामना संपला तो डेव्ह कोझा? तो कोठे गेला?

वूस्टरवासी

रेवाताई, हाच धागा काढताना माझ्या मनात खरे तर तोच होता. कोझाला त्या सामन्यात 14 पाळ्यांत 5 फटके मिळाले. बॉग्ज आणि रिपकेन दोघांपेक्षाही अधिक. एकविसाव्या डावात बॉग्जच्या फटक्यावर जो धावत घरी आला, तोही कोझाच. पॉटकेटमध्ये तो अनेक मोसम खेळला. पॉटकेटहून बॉस्टनचे मैदान मोटारीने तासाभराच्या अंतरावर आहे, पण बॉस्टनकडून त्याला कधीही बोलावणे आले नाही. सर्वोच्च लीगमध्ये त्याच्या नावावर एकही सामना नाही.

मी 2015 च्या उन्हाळ्यात मुलाला घेऊन मकॉय स्टेडियमवर गेलो होतो. तेथे खेळाडूंची बसायची जागा प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेच्या खाली असे, त्यामुळे मुलांना सही घ्यायला हात पोहोचत नसे. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तेथली पोरे दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन कापून, त्यात चेंडू आणि पेन ठेवून, दोरीने खाली सोडत. विहिरीत पोहरा सोडावा तसे. माझ्या मुलानेही सोडला. बराच वेळ दोरी सैल लोंबत होती, मग तिला खालून दोन हलके हिसके बसले. वर ओढले तर चेंडूवर सही होती, आणि ती आम्हाला आजवर वाचता आलेली नाही. तो खेळाडू बॉस्टनला पोहोचला की नाही, कोण जाणे. मुलाने तो चेंडू कपाटात अगदी पुढे ठेवला आहे.

आजोळ

हे वाचून डोळे भरून आले.

घाटपायथा

मूळ प्रश्नाकडे वळायचे तर आता तो निकालात निघाला आहे. खालच्या लीगमध्ये 2018 पासून आणि सर्वोच्च लीगमध्ये 2020 पासून, दहाव्या डावापासून प्रत्येक संघाला दुसऱ्या बेसवर एक धावपटू आयताच देतात. त्यामुळे बहुतेक सामने एकदोन जादा डावांतच मिटतात. 33 डाव आता जवळजवळ अशक्य आहेत. खेळाडूंच्या हिताचे आहे हे मला समजते, पण न कमावता मिळालेला तो धावपटू पाहिला की माझे मन विटते. शेजाऱ्याने आणून दिलेल्या तयार पीठावर सून सुगरण ठरवावी, तसे ते वाटते.

मृण्मयी

घाटपायथा, पीठ तयार असले तरी पोळी तिलाच लाटायची असते. त्या धावपटूला घरी आणायला फटका मारावाच लागतो. अम्बार्गरसारख्या पिचरचा दहा डावांत खांदा झिजण्यापेक्षा मला हे शतपटीने बरे वाटते.

तिसरा_पंच

मला दोन्ही नको आहे. मध्यरात्रीचा नियम होता, तो चांगला होता, आणि थांबलेला सामना पुढे तेथूनच सुरू करण्याची सोयही होती. 23 जूनने ते सिद्ध केले. सामना थांबवणे म्हणजे सामना मोडणे नव्हे. पुस्तिका नीट छापली असती तर एवढेच पुरेसे होते.

वूस्टरवासी

सर्वांचे मनापासून आभार. माझे मत सांगायचे तर, खेळ मध्यरात्रीनंतर थांबायला हवा होता हे मला रेवाताई आणि तिसरा_पंच यांच्यामुळे पटले. मात्र तो थांबला असता तर अम्बार्गरचे दहा डाव, हपर्टचे एकतीस डाव आणि भिंतीच्या भोकाला लावलेला मॉर्गन यांचा डोळा यांतले काहीच माझ्यापर्यंत पोहोचले नसते, हेही तितकेच खरे. या दोन गोष्टी मला एकमेकींत बसवता आलेल्या नाहीत.

मकॉय स्टेडियम 2025 साली पाडले गेले. त्या जागी शाळा होणार आहे. म्हणून मुलाने आणि मी ठरवले की या सामन्याचा धावफलक घरी पूर्ण लिहून काढायचा. आमच्या वहीच्या पानावर दहा डावांचेच रकाने आहेत, तेव्हा चार पाने शेजारी शेजारी चिकटवली. वर रॉचेस्टर, खाली पॉटकेट. सातव्या रकान्यात वर एक, नवव्यात खाली एक, एकविसाव्यात वर आणि खाली एकेक, आणि तेहेतिसाव्यात खाली एक. बाकीच्या एकसष्ट चौकटींत शून्ये काढायचे काम मुलाकडे आहे. काल रात्री तो सव्विसाव्या डावापर्यंत आला होता. पुरे झाले की चित्र येथे लावतो.